वळूची पारख आणि गावाची वही



ही व्याख्यानमाला जांभूळ, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या भागातल्या दिवंगत शेतकऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या स्मरणार्थ चालते. म्हणून विषयही त्यांच्याच गोठ्यातला निवडला आहे. तरुण वळू पारखावा कसा, आणि पारखलेला वळू पुढे आणावा कसा?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. वळू डोळ्यांनी निवडता येतो, पण तो सिद्ध होतो त्याच्या वासरांवरून. वासरांचा हिशेब कुणीतरी मोजून, लिहून ठेवला असेल तरच ते कळते. आपल्याकडे चांगल्या जनावरांची उणीव कधीच नव्हती. नोंदीची उणीव होती, आणि तिची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो आहोत.

वळूकडेच एवढे लक्ष का

गाय वर्षाला एक वासरू देते, तेही सगळे सुरळीत झाले तर. आपल्या गावठी गायींच्या दोन वेतांमधले अंतर बहुधा वर्षापेक्षा जास्तच असते. एक वळू मात्र नैसर्गिक पैदाशीत वर्षाला पन्नास-साठ गायी फळवतो. त्याचेच वीर्य गोठवून वापरले तर वर्षाला हजारो मात्रा तयार होतात. वासराला निम्मा वारसा आईकडून आणि निम्मा बापाकडून मिळतो, हे खरे. पण गावातल्या पन्नास वासरांच्या आया पन्नास असतात आणि बाप एकच असतो. गाय चुकली तर एका दावणीचे नुकसान होते, वळू चुकला तर साऱ्या गावाचे. म्हणून पारखीचा सगळा कस वळूवर लावायचा.

हे सरकारलाही फार पूर्वी उमगले होते. मुंबई इलाख्यात १९३३ साली पशुधन सुधारणेचा कायदा झाला. वळू ठेवायचा तर परवाना घ्यावा आणि नापसंत नराचे खच्चीकरण व्हावे, असा त्याचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर पहिल्या पंचवार्षिक योजनेत निवडक गावे पैदाशीची केंद्रे मानून तिथे चांगले वळू देण्याची योजना आली. पुढे कृत्रिम रेतनही पसरले. १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले. त्यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था उभी केली आणि गोठवलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले. चांगला वळू दारात बांधण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही चांगल्या वळूचे वासरू मिळू लागले. ही लहान गोष्ट नव्हती.

जुनी पारख

आपल्या आधीच्या पिढ्यांची पारख कमी प्रतीची होती, असे मी मुळीच मानत नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची यात्रा भरते. तिथल्या बैलबाजारात जाणते लोक जनावर कसे बघतात, ते लक्ष देऊन पाहावे. आधी जनावर चालवून बघतात. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो का, खूर काळा आणि घट्ट आहे का, पाठ सरळ आहे का, वशिंड डौलदार आहे का, मानेखालची पोळी किती लोंबते, हे सगळे तपासतात. दात उघडून वय काढतात: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. नजर आणि कातडी बघतात. यातले बहुतेक निकष कामाचे आहेत. वाकड्या पायाचा वळू चार वर्षांत गायीवर चढेनासा होतो. मऊ खुराचा बैल भाताच्या चिखलात टिकत नाही.

शेजारच्या डोंगराळ पट्ट्यातली डांगी जात याच पारखीतून घडली. नाशिक, अहिल्यानगरचा अकोले भाग, ठाणे, पालघर आणि डांग या धो-धो पावसाच्या मुलखातली ही जनावरे. त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पाऊस अंगावर फार काळ टिकत नाही. रंगावरून त्यांचे बहाळा, मनेरी, पारा असे प्रकार लोकांनी पाडले आहेत. राजूरच्या प्रदर्शनात आजही डांगी वळू मानाने उभे केले जातात. हे गुण लोकांनी प्रयोगशाळेवाचून निवडले. पिढ्यान्‌पिढ्या पावसाने निवड केली आणि त्या निवडीत उरलेल्यांतून माणसाने चांगले ते राखले.

पण या पारखीला दोन मर्यादा होत्या. पहिली अशी की कामाचे निकष आणि शोभेचे निकष एकमेकांत मिसळले. शिंगाचा बाक, अंगावरचा भोवरा, रंगाची छटा यांना पायाच्या ठेवणीइतकाच मान मिळत गेला. दुसरी मर्यादा मोठी होती: डोळ्याला दिसतात तेवढेच गुण निवडता येतात. वळू दूध देत नाही, मग त्याच्या अंगी दुधाचा वारसा किती, हे त्याच्याकडे बघून कसे कळणार? त्याच्या मुली लवकर गाभण राहतील का, त्यांच्या दोन वेतांमधले अंतर किती राहील, हे वशिंडावर लिहिलेले नसते.

मांसाच्या जनावरांकडून शिकण्यासारखे

तरुण वळूच्या मूल्यमापनाचे शास्त्र जगात सर्वांत नेटके झाले ते दोन ठिकाणी: दुधाच्या गायींत आणि मांसाच्या गुरांत. महाराष्ट्रात मांसासाठी गोवंशाची पैदास हा धंदा नाही. १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि गायीबरोबर वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशींना ती लागू नाही. पण मांसाच्या गुरांसाठी बसवलेली मोजमापाची रीत आपल्या खिल्लारला, डांगीला, रेड्याला आणि बोकडालाही तशीच उपयोगी पडते, म्हणून ती समजून घ्यायची.

त्या धंद्याशी आपले नाते जुने आहे. अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशांत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ‘ब्राह्मण’ जातीच्या घडणीत गीर, कांक्रेज आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या ‘कृष्णा व्हॅली’ जनावरांचाही वाटा आहे. १९२४ साली तिथल्या पैदासकारांनी संघटना स्थापन केली आणि वंशनोंद सांभाळायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये ओंगोलपासून घडलेली ‘नेलोर’ आज तिथल्या मांसाच्या कळपांचा कणा आहे. मूळ जनावरे आपली होती, नोंदवह्या त्यांच्या होत्या. आज कृष्णाकाठी अस्सल कृष्णा व्हॅली वळू शोधत फिरावे लागते.

त्यांची रीत थोडक्यात अशी. वासरू जन्मले की वजन करायचे. दूध तोडताना पुन्हा करायचे आणि ते २०५ दिवसांच्या वयाला आणून बसवायचे. वर्षाचे झाले की तिसरे वजन. वय सारखे करून घेणे का गरजेचे, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, दोन खोंडांचे जन्मवजन प्रत्येकी १८ किलो आहे. पहिला २५० दिवसांचा असून ११० किलोचा आहे. दुसरा २०५ दिवसांचा, १०० किलोचा. बाजारात पहिल्याला जास्त भाव मिळेल. पण पहिल्याने २५० दिवसांत ९२ किलो कमावले, म्हणजे २०५ दिवसांना तो साधारण ९३ किलोचा होता. वाढीत दुसरा खोंड सरस आहे, आणि नुसत्या डोळ्याने तो मागे पडला असता.

दुसरा नियम याहून मोलाचा. तुलना फक्त सोबत्यांशी करायची. एकाच गोठ्यात, एकाच मोसमात जन्मलेले आणि सारखाच चारा खाल्लेले खोंड एका गटात धरायचे. प्रत्येकाचे वजन त्या गटाच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली, एवढेच बघायचे. आपल्याकडे तर हे फारच लागू पडते. एका घरी वासराला दोन सड सोडतात, दुसऱ्या घरी पान्हा सुटेपर्यंतच पाजतात. पहिल्या घरचा खोंड थोराड दिसतो, पण ती थोरवी मालकाच्या हाताची असते. वारसा आणि खुराक यांची फारकत केल्याशिवाय पारख होत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात चार्ल्स हेंडरसन यांनी नेमकी हीच फारकत करणारे गणित बसवले. नातेवाइकांच्या सगळ्या नोंदी एकत्र घेऊन प्रत्येक जनावराचे पैदास मूल्य काढायची ती पद्धत आज जगभर चालते.

तिसरी गोष्ट नीट लक्षात ठेवावी. वाढीचा वेग हा गुण वळूच्या स्वतःच्या अंगावर दिसतो आणि वारशाने बऱ्यापैकी उतरतो. म्हणून मांसाच्या जातीत वर्षाच्या वयातच खोंडाबद्दल पुष्कळ सांगता येते. दूध मात्र वळूच्या अंगावर दिसत नाही. त्यासाठी आई, बहिणी आणि शेवटी मुली बघाव्या लागतात. प्रजननक्षमतेचा वारसा तर फारच थोडा उतरतो, म्हणून तिला खूप नोंदी लागतात. कोणता गुण हवा, यावरून परीक्षा किती लांबणार हे ठरते.

एक इशाराही तिथूनच घ्यावा. फक्त वाढीमागे लागले की जन्मवजनही वाढते आणि वासरू अडते. बेल्जियन ब्लू या जातीत स्नायू इतके वाढवले की बहुतेक वासरे पोट फाडून काढावी लागतात. आपल्या कोकणातली गाय मुळातच लहान चणीची. तिला थोराड परदेशी वळूचे रेतन दिले तर पहिल्या वेताच्या कालवडीचा जीव धोक्यात येतो.

वळू पुढे आणणे

आता दुसरा भाग. निवडलेला खोंड पुढे कसा आणायचा?

पहिली पायरी आरोग्याची. वीर्यकेंद्रात जाणाऱ्या खोंडाची क्षयरोग, जोन्सचा रोग आणि सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेल्लोसिस, यांसाठी तपासणी होते. प्रजनन मार्गातून पसरणाऱ्या इतर रोगांसाठीही होते. अंडकोशाचा घेर मोजतात, कारण त्याचा वीर्याच्या प्रमाणाशी संबंध असतो. गोठवलेल्या मात्रेत साधारण दोन कोटी शुक्रजंतू भरतात आणि वितळवल्यावर निदान निम्मे सळसळते असावे लागतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ती मात्रा वर्षानुवर्षे टिकते. गावात मोकळ्या फिरणाऱ्या वळूची यातली एकही तपासणी होत नाही. ब्रुसेल्लोसिस माणसालाही होतो, म्हणून ही बाब घरातल्या माणसांच्या जिवाशीही निगडित आहे.

दुसरी पायरी संततिपरीक्षेची. देशी खोंड अडीच-तीन वर्षांचा झाला की पैदाशीला लायक होतो. त्याची चाचणी रेतने अनेक गोठ्यांत विखरून करतात. वर्षभराने मुली जन्मतात, त्या चारेक वर्षांच्या होऊन वितात, मग त्यांचे एका वेताचे दूध मोजले जाते. तोवर वळू आठ-नऊ वर्षांचा होतो. एवढी वर्षे त्याचे वीर्य गोठवून ठेवायचे आणि मुलींनी कौल दिला तरच मोठ्या प्रमाणावर वापरायचे. ज्यांचा कौल चांगला येत नाही, त्यांना बाजूला काढायचे. परीक्षेत उतरलेल्यांपैकी थोडेच पुढे जातात आणि तसेच व्हायला हवे.

हा काळ कमी करण्यासाठी जनुकीय परीक्षा आली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भारतीय गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे लोकार्पण झाले. वासराच्या रक्तावरून त्याच्या वारशाचा अंदाज लहानपणीच बांधता यावा, हा त्यामागचा हेतू. पण चिप स्वतःहून काही जाणत नाही. हजारो जनावरांचे दूध, वजन, वेत यांच्या खऱ्या नोंदी आणि त्यांचे जनुक शेजारी शेजारी ठेवल्यावरच ती अंदाज बांधायला शिकते. ज्या जातीची वही कोरी, त्या जातीचा चिपचा अंदाजही कच्चा राहणार.

तिसरी पायरी प्रसिद्धीची. इथे मला कळकळीने काही सांगायचे आहे. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त उठवली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून खिल्लार खोंडांना पुन्हा भाव आला. शेतकरी पुन्हा नर वासरू जपू लागला, ही आनंदाची गोष्ट. कृषी प्रदर्शनांत प्रचंड वजनाचे रेडे आणि वळू मांडवात उभे राहतात, लोक फोटो काढतात, बोली लागते. लोकांना जनावराचे कौतुक वाटते, हेही चांगलेच. पण चरबीने भरलेला देह पैदाशीच्या लायकीचा पुरावा नसतो. फार चढवलेल्या वळूचे पाय आणि वीर्य दोन्ही बिघडतात. शर्यत जिंकणे हाही एकट्या त्या बैलाचा पराक्रम असतो. तो मुलांत उतरतो का, हे त्याच्या मुलांच्या धावेवरूनच ठरेल.

म्हणून वळूची खरी जाहिरात एका कागदावर मावावी: जन्मतारीख, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक, आई-बाप आणि आजी, आईची वेते आणि दूध, जन्माचे आणि वर्षाचे वजन, गटाच्या सरासरीशी तुलना, रोगतपासणीचा दाखला, किती गायींना लावला, त्यातल्या किती उलटल्या, म्हणजे परत माजावर आल्या, किती वासरे जगली. असा कागद दाखवणाऱ्याला शेतकऱ्याने चार पैसे जास्त द्यावेत. प्रदर्शनांनी बक्षिसेही याच कागदाला द्यावीत. बाजार ज्याला पैसे देतो तेच लोक जपतात.

आपल्या पट्ट्यातले काम

मुंबईच्या दुधाच्या इतिहासात या विषयाचा फार कठोर धडा आहे. हरियाणा आणि गुजरातमधून उत्तमोत्तम ताज्या व्यायलेल्या म्हशी मुंबईच्या तबेल्यांत येत राहिल्या. शहरातले तबेले हलवण्यासाठी १९४९ मध्ये आरेची दूध वसाहत सुरू झाली, तरी उपनगरांत आणि कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात धंदा चालूच राहिला. म्हैस आटली की तिला परत गाभण घालून सांभाळणे परवडत नसे, आणि ती कत्तलखान्यात जाई. तिच्या रेड्याला दूध पाजणे परवडत नसे, आणि तो उपाशी मरे. सर्वांत जास्त दूध देणाऱ्या आयांचे मुलगे पैदाशीला उरलेच नाहीत. यापेक्षा उलटी निवड कोणती?

आज गायींच्या बाबतीत दुसरीच अडचण आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे सव्वाएकोणीस कोटी गोवंशात साडेचौदा कोटी माद्या होत्या. ट्रॅक्टरने नांगर घेतला, भाताच्या खाचरातही पॉवर टिलर फिरू लागला आणि खोंड नकोसा झाला. जो नकोसा होतो तो मोकाट सुटतो. बदलापूर-अंबरनाथच्या रस्त्यांवर फिरणारे नर कुणी पारखलेले नसतात, पण वासरांचे बाप तेच होतात. उल्हास नदीच्या काठच्या गायरानांवर इमारती आणि कारखाने आले, चराई घटली आणि गाई त्याच रस्त्यांवर आल्या. म्हणजे पैदास थांबलेली नाही, तिच्यावरचा आपला ताबा सुटला आहे.

आपली कोकण कपिला मात्र अजून शाबूत आहे. लहान चण, दमट हवा आणि मुसळधार पाऊस सोसणारी, डोंगरउतारावर चरणारी ही गाय. दूध दिवसाला दोन लिटरच्या आसपास, पण खर्चही तितकाच कमी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केले आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळाली, आता वळू निवडायचे काम आपले आहे. या जातीत सरासरी दुधाच्या दुप्पट देणाऱ्या गायीही सापडतात. त्यांचे खोंड कोणत्या दावणीला आहेत, हे गावाला माहीत हवे.

त्यासाठी चार गोष्टी करता येतील, आणि त्यांना मोठा खर्च नाही.

पहिली, मोजणे. काटा नसेल तर टेप पुरेल. छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. आले ते वजन किलोत. घेर ५० आणि लांबी ४२ इंच असेल तर वजन १५९ किलोच्या आसपास येते. चुकेल थोडे, पण एकाच टेपने मोजलेल्या सोबत्यांची तुलना खरी ठरेल.

दुसरी, वेळेवर खच्चीकरण. जे खोंड निवडीत बसत नाहीत, ते वयात येण्याआधी पशुवैद्यकाकडून चिमट्याने बडवून घ्यावेत. एक चांगला वळू ठेवण्याचा फायदा तेव्हाच मिळतो, जेव्हा बाकीचे त्याच्या आड येत नाहीत.

तिसरी, अदलाबदल. एकच वळू गावात तीन-चार वर्षांहून जास्त राहिला की तो स्वतःच्याच मुलींना लागतो. बाप-मुलीच्या संततीत अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के होते. वासरे खुरटतात, मरतात, वांझ निघतात. जांभूळने आपला वळू तीन वर्षांनी शेजारच्या गावाला द्यावा आणि त्यांचा आपण घ्यावा. चार-पाच गावांचे असे चक्र बसले तर बाहेरून वळू आणायची गरज बराच काळ पडणार नाही.

चौथी, वही. गाय कधी दाखवली, कोणत्या वळूला किंवा कोणत्या रेतनाने, उलटली का, कधी व्यायली, वासरू जगले का, पहिल्या पावसाळ्यात ते कसे निभावले. दूध महिन्यातून एकदा मोजले तरी चालेल. ही वही दूध संकलनाच्या ठिकाणी किंवा ग्रामपंचायतीत राहावी, कारण एका घरच्या वहीतून वळूची परीक्षा होत नाही. त्याच्या मुली साऱ्या गावात विखुरलेल्या असतात. शेतकऱ्यांनी आपली माहिती एकमेकांना देणे हाच या शास्त्राचा पाया आहे. ज्या देशांत ही पैदास फळाला आली, तिथेही ती शेतकऱ्यांच्या संघटनांनीच उभी केली.

वही शाळेतली मुले लिहू शकतील, बचत गटातल्या भगिनी लिहू शकतील. गोठ्यातले बहुतेक काम आजही भगिनीच करतात. कोणती गाय किती दिवसांनी उलटली, हे त्यांच्याइतके नेमके कुणालाच ठाऊक नसते. म्हणून वळू निवडण्याच्या बैठकीत त्यांना जागा हवी, आणि ती निर्णयाची हवी.

माझी विनंती एवढीच आहे. या पावसाळ्यात जन्मणाऱ्या पहिल्या वासरापासून वही सुरू करा. पहिली तीन वर्षे तिच्यातून फारसे काही हाती लागणार नाही. चार-पाच वर्षांनी मात्र, त्या वासरांतल्या कालवडी पहिल्यांदा वितील तेव्हा, गावातला कोणता वळू कामाचा आणि कोणता केवळ देखणा, हे तुम्ही आकड्यांनी सांगू शकाल. तेव्हा ही पारख एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याबरोबर संपणार नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे ज्ञान त्यांच्यामागे टिकवायचा हाच मार्ग मला दिसतो.